नर्सबाईंचा तीन राजांचा सण

माणूस जन्माला कसा आला, यावरून तो पुढे कसा वागणार हे ओळखता येतं, असं आमच्या घरमालकीणबाईंचं ठाम मत होतं. कुंडलीवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. “कुंडलीवाला बाहेर ओट्यावर बसला असते. आत काय झालं थे त्याले काय माहीत?” असं त्या म्हणत. आत काय झालं ते बाईंना माहीत असे, कारण रायपुरातल्या निम्म्या बाळंतपणांना आत त्या स्वतः होत्या. सरकारी इस्पितळाच्या बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांची सगळी नोकरी गेली होती. सगळा तात्यापारा मोहल्ला त्यांना नर्सबाई म्हणायचा.

खोली पाहायला मी गेलो, तेव्हा नाव, गाव, पगार यातलं काहीही न विचारता त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “डोक्यानं आला का पायानं?”

“स्कूटरनं आलो,” मी म्हणालो.

त्यांनी कपाळावर हात मारला आणि मला समोरच्या एसटीडी बूथवर पिटाळलं. अमरावतीला आईला फोन लावून, माझा जन्म नक्की कसा झाला, हे मी भर गर्दीत ओरडून विचारलं. रांगेतल्या लोकांनीही उत्तर लक्ष देऊन ऐकलं. चिमटा लावावा लागला होता.

“म्हंजे ओढल्याबिगर तू कुठं जात नाईस,” बाई समाधानानं म्हणाल्या. “बरं हाये. असे भाडेकरू टिकतात.” आणि त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मला मात्र वाटलं, माझ्या व्यक्तिमत्त्वाची छाप पडली. असं मला त्या काळात फार वेळा वाटायचं.

नवं राज्य झालं तो हिवाळा होता. घरात वाटण्या झाल्या की भांडीकुंडी मोजून घेतात, तशी भोपाळच्या कार्यालयात आमची वाटणी झाली होती. टेबलं, पंखे, कपाटं आणि आम्ही. मी रायपूरच्या वाट्याला आलो. शहर एका रात्रीत राजधानी झालेलं, आणि माणसं इतकी येऊन पडलेली की खोली मिळणं म्हणजे लॉटरी. माझे सहकारी धर्मशाळेत झोपत होते. मला मात्र तात्यापाऱ्यात नुकताच चुना दिलेली, नवी गादी घातलेली खोली मिळाली होती. कोपऱ्यात शेगडी होती. आढ्याला नवी कोरी लोखंडी कडी होती, तिला मी मच्छरदाणी बांधली. एकट्या माणसासाठी बाईंनी किती बारीक विचार केला आहे, असं मी घरी पत्रात लिहिलं.

नव्या राज्याचं मंत्रालय तेव्हा एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरत होतं, आणि आमचा कक्ष नेमका बाईंच्या वॉर्डात होता. खिडकीजवळच्या माझ्या टेबलाची जागा सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “थे खाट बाराव्या नंबरची. लई कठीण केसा तिथं मोकळ्या झाल्या.” त्यानंतर रोज संध्याकाळी मी फाटकातून आत आलो की त्यांचा प्रश्न ठरलेला असे. “आज कोनती फाइल आडवी आली?”

बाईंच्या साडीच्या पदराला छातीवर एक घड्याळ उलटं टाचलेलं असे, ड्यूटीवर नर्सा लावतात तसलं. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी ते निघालं नव्हतं. बाजारात जाताना, शेजारच्या लग्नात, चर्चमध्ये, सगळीकडे ते सोबत. पंडरीच्या कापडबाजारात त्यांच्याबरोबर एकदा मी पडद्याचं कापड घ्यायला गेलो. दुकानाचा मालक, पांढरे केस झालेला मोठा असामी, त्यांना पाहताच गादीवरून उठून खाली आला. गिऱ्हाइकांनी दुकान भरलेलं. बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “ये पायाळू है. पहिले एक पाँव बाहर निकाला, फिर सोचने लगा. आज भी भाव बताने में इतनाच टाइम लगाता है.” त्यांचं वय पाहता हे कसं शक्य आहे ते मला कळेना, पण मालकानं हात जोडून कापडाचा भाव झटकन सांगितला, आणि तोही कमी.

बाई कॅथलिक होत्या. त्यांचे वडील अमरावतीकडे मिशनच्या शाळेत शिपाई होते. लग्न होऊन त्या रायपूरला आल्या, नवरा रेल्वेत होता, तो आता हयात नव्हता. चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेत, मिस्सेत, बायबलातला पहिला उतारा वाचायचं काम त्यांच्याकडे फार वर्षांपासून होतं. पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन करून घ्या म्हटलं की म्हणत, “पिकू दे. कच्चं काही काढू नाई.” वाचता येत नसे, म्हणून त्या उतारा कोणाकडून तरी वाचून घेत आणि ऐकून ऐकून पाठ करत. चर्चमध्ये मग पुस्तकासमोर उभं राहून, नजर अक्षरांवर ठेवून धडधड म्हणत. फादरसकट सगळ्यांना हे माहीत होतं.

हे वाचून दाखवायचं काम माझ्यावर आलं. मी म्हटलं, “बाई, मी हिंदू आहे.”

“अक्षर त हिंदूच हायेत ना? वाच.”

दर गुरुवारी संध्याकाळी बाईंच्या ओसरीवर हे वाचन होई. तिसरा माणूस म्हणजे मंत्रालयातला एक ड्रायव्हर, जशपूरकडचा, शांत, हसरा गडी. तो बाईंना मम्मी म्हणे आणि प्रत्येक गोष्टीला आधी “हव”, म्हणजे हो, म्हणून मग विचार करत असे. मी वाचायचो, बाई ऐकायच्या, आणि मग त्यांचा एकच प्रश्न असे. उतारा कोणताही असो, राजांच्या लढाईचा असो की संदेष्ट्याच्या शिव्यांचा, बाई विचारत, “यात बाळंतीण कुठाय?”

पहिल्यांदा मी हसलो. पण बाई खरंच शोधत. युद्धाच्या उताऱ्यात त्या म्हणाल्या, “गाव पळून राहिलं. त्यात एकतरी पोटुशी असनच. तिच्यासाठी कोन थांबलं?” ड्रायव्हर म्हणाला, “हव.” मग दोघंही बराच वेळ त्या बाईच्या काळजीत बसले, जिचं नावही कुठे लिहिलेलं नव्हतं.

नाताळ जवळ आला तसे बाईंना त्याच्या पुढच्या सणाचे वेध लागले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला तो सण. पूर्वेकडचे ज्ञानी लोक ताऱ्याच्या मागे मागे बाळ येशूला शोधत आले, त्याचा. लोक त्याला तीन राजांचा सण म्हणतात. बाईही म्हणत, पण लगेच बजावत, “शुभवर्तमानात मत्तयानं कुठंच तीन म्हटलं नाई. देनग्या तीन होत्या. मानसं किती आली थे देवाले ठाऊक. बाळंतिणीच्या घरी मानसं जास्तच येतात.”

या सणाचे उतारे आम्ही डिसेंबरभर घोळवले. ज्ञानी लोकांनी सोनं, ऊद आणि गंधरस आणला, हे मी वाचलं तेव्हा बाईंनी मांडीवर थाप मारली. “गंधरस म्हंजे काय, सांग.” मला ठाऊक नव्हतं. “बोळ. बाळंतबोळ. आपल्याकडं बाळंतिणीले देत नाईत का? आन् ऊद बाळाच्या धुरीले. सोनं ठेव बाजूले, थे पुरुषांचं काम. पन बाकीच्या दोन वस्तू पाहून मले वाटते, निघताना त्यांच्या बायांनीच थैल्या भरून देल्या असतीन.”

एका गुरुवारी फादर आले होते, केरळातले, तरुण, मऊ बोलणारे. ते म्हणाले, “बाई, गंधरस तो मृत्यु का चिह्न है. वो शरीर पर लगाते थे, दफ़नाने के पहले.”

“फादर,” बाई म्हणाल्या, “मरने का बाद में देखेंगे. पहिले जचकी तो सुधरने दो.”

फादर इतके हसले की त्यांचा चष्मा खाली पडला. पुढे म्हणे त्यांनी प्रवचनात ते वाक्य स्वतःच्या नावावर खपवलं. मला त्यांचा राग आला नाही, कारण ऑफिसात ते मीही माझ्या नावावर खपवलं होतं.

मत्तयाच्या उताऱ्यात बाळ गोठ्यात नाही, घरात आहे, हेही बाईंनीच दाखवलं. “तवर खोली भेटली असन त्यांना.” बेथलेहेमात का होईना, बाहेरगावच्या जोडप्याला खोली मिळाली, याचं मला मनापासून बरं वाटलं.

बाईंनी म्हणायचा पहिला उतारा यशया संदेष्ट्याचा. यरुशलेम नगरीला हाक मारली आहे, ऊठ, तुझा उजेड आला आहे, डोळे वर करून पाहा. तुझे मुलगे लांबून येत आहेत, तुझ्या मुलींना कडेवर घेऊन आणत आहेत. मग उंटांचे तांडे, सोनं, ऊद. मी शाळेत वक्तृत्वाची ढाल मिळवलेला माणूस. असा उतारा हातात आल्यावर आवाज खर्जात लावून वाचत असे. बाई डोळे मिटून ऐकत. त्या मुलींच्या ओळीपाशी आलो की हात वर करत. “पुन्हा.”

मी पुन्हा वाची.

“अजून एकदा.”

एकेका गुरुवारी ती ओळ त्या मला इतक्या वेळा वाचायला लावत की उंट बिचारे वेशीवरच ताटकळत. ड्रायव्हर खाली मान घालून बसे. मला वाटे, काय हा आपल्या आवाजाचा परिणाम! मी त्या ओळीत थोडा कंपही मिसळायला लागलो.

सणाआधीचा शेवटचा गुरुवार आला. फादर हजर होते. तोवर माझी अशी समजूत झाली होती की या विषयातलं आपल्याला आता बरंच कळतं. महिनाभर उतारे मोठ्यानं वाचले, की माणसाला ते आपणच लिहिले असं वाटायला लागतं. ऑफिसात बसून मी एक छोटं भाषणही जुळवलं होतं. बाईंना म्हटलं, “आज मी दोन शब्द बोलू का?”

“बोल ना. ओढलं नाई तरी बोलून राहिला, चांगलं हाये.”

मी घसा साफ केला. म्हणालो, “ज्ञानी लोक आधी कुठे गेले? राजधानीत. राजा हवाय म्हटल्यावर माणूस राजधानीतच जाणार, आपणही तेच केलं. तिथे हेरोद राजा घाबरला. त्यानं शास्त्र्यांना बोलावलं आणि विचारलं, तारणारा कुठे जन्मणार? शास्त्र्यांनी एका क्षणात टिपणी सादर केली. बेथलेहेमात, अमुक ग्रंथ, अमुक ओळ. आमच्या कक्षातसुद्धा इतकी चोख टिपणी होत नाही.” फादर हसले. मला चेव चढला. “पण मला सांगा, यांच्यापैकी उठून गेलं कोण? परके लोक वाळवंट तुडवून आले. आणि हे, ज्यांना पत्ता पाठ, रस्ता माहीत, ते जागचे हलले नाहीत. बेथलेहेम होतं किती लांब? इथून भिलाईसुद्धा त्याहून लांब. कोणी म्हणालं नाही की चला, बाळ झालंय, जाऊन पाहून येऊ. दुसऱ्याला वाट सांगायची आणि स्वतः दारात बसायचं. एवढं वाचून काय उपयोग झाला, बाई?”

वक्तृत्वात शेवटी कोणाला तरी थेट संबोधावं, असं आमचे मास्तर सांगत. म्हणून ते “बाई” मी मुद्दाम जोडलं होतं.

फादर हातातल्या पुस्तकाकडे पाहत होते. बाई उठल्या. भिंतीला धरून आत गेल्या आणि आतून म्हणाल्या, “झालं वाचन. जा घरी.” त्या दिवशी कोणाला चहा मिळाला नाही.

मला वाटलं, त्या भारावल्या.

फाटकाबाहेर ड्रायव्हरनं माझा दंड धरला. “भैया, ये आपने क्या कर दिया?”

“क्यों? अच्छा नहीं बोला?”

मग त्यानं सांगितलं, रस्त्याच्या कडेला उभं राहून, हळू आवाजात. बाईंना एकच मुलगी. ती भिलाईला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत, आणि माहेर म्हणजे तर खुद्द नर्सबाईंचं घर. बाईंनी खोलीला चुना दिला, नवी गादी भरली, शेगडी आणली, पाळण्यासाठी आढ्याला कडी ठोकून घेतली. आणि मुलगी म्हणाली, मी भिलाईच्या दवाखान्यातच जाते. का, तर “मम्मी, आप वार्ड में औरतों पर कितना चिल्लाती थीं, मैंने बचपन से देखा है. मुझ पर भी चिल्लाओगी. मुझे डर लगता है.” सगळ्या गावानं ज्या हातांवर भरवसा ठेवला, त्यांच्यावर पोटच्या पोरीनं ठेवला नाही, हे बाईंच्या फार जिव्हारी लागलं. दसऱ्याच्या सुमारास मुलगा झाला. मुलगी म्हणे, आई आधी येऊ दे. बाई म्हणत, ती बाळ घेऊन इथं येऊ दे. दिवाळी तशीच गेली, आणि मग बाईंनी रागाच्या भरात खोली भाड्यानं दिली.

“सबको मालूम है,” तो म्हणाला. “हम समझे आपको भी मालूम है. आप तो उसी कमरे में सोते हैं.”

मी त्या खोलीत परत गेलो. दोन महिने मी बाळंतिणीच्या गादीवर लोळत होतो आणि पाळण्याच्या कडीला मच्छरदाणी बांधून स्वतःला भाग्यवान समजत होतो. मुलींना कडेवर घेऊन आणत आहेत ही ओळ बाई पुन्हा पुन्हा का ऐकत होत्या, तेही आता कळलं. तिच्यात मी कंप मिसळला होता! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर, त्या शरमेच्या शेजारीच दुसरी एक काळजी बसली होती. आता या मला खोली सोडायला सांगणार, आणि धर्मशाळेतही जागा उरलेली नाही.

शुक्रवारी आणि शनिवारी बाई माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. आडव्या फाइलीची चौकशीही झाली नाही. नळाला पाणी आलं की आपलं भरून माझी बादली मात्र नळाखाली सरकवून जात. रागातही त्या कोणाला कोरडं ठेवत नसत.

रविवारी मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. बाई पुस्तकासमोर उभ्या राहिल्या, इस्तरीची पांढरी साडी, छातीवर घड्याळ. उतारा हिंदीतला. ऊठ, तुझा उजेड आला आहे. आवाज खणखणीत. डोळे वर करून पाहा. मुलगे लांबून येत आहेत. आणि बाई थांबल्या.

पुढची ओळ मला पाठ होती. ड्रायव्हरला होती. फादरांना होती. चर्चमध्ये कोणीतरी खोकलं, मग तेही थांबलं. बाईंची नजर पुस्तकावर होती, जिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं. मग त्यांनी उतारा पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू केला आणि या वेळी मुलींची ओळ, उंट, सोनं, ऊद, सगळं एका दमात म्हणून टाकलं.

मिस्सा संपल्यावर अंगणात लोक एकमेकांना केक देत होते. बाई सरळ माझ्याकडे आल्या. हातात कापडी पिशवी.

“स्कूटर काढ.”

“कुठं जायचं, बाई?”

“तूच सांगितलं ना, किती जवळ हाये म्हून.”

मी स्कूटर काढली. बाई मागे एका अंगावर बसल्या, पिशवी मांडीवर. ट्रकच्या धुरातून आम्ही निघालो. पिशवीत काय आहे, असं मी खारून नदीच्या पुलावर विचारलं.

“ऊद हाये. बोळ हाये. आता तीन महिने झाले, बोळाचा काही उपयोग नाई. पन आनला.”

“आणि सोनं?”

“सोनं तिच्या बापानं लग्नात देऊन टाकलं.” थोडं पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, “थे आली तं खोली सोडा लागन तुले.”

“सोडीन ना, बाई. त्यात काय!” असं मी जोरात म्हणालो. पण वाटेतल्या कुम्हारी गावापर्यंत मी मनातल्या मनात हिशेब करत होतो की मुलगी आईइतकीच हट्टी असेल तर कदाचित माझी खोली वाचेल. एवढ्या पवित्र दिवशी, एवढ्या पवित्र कामावर निघालेला माणूस असला विचार करत होता. हेरोदाच्या दरबारात मला सहज नोकरी मिळाली असती.

भिलाईत शिरल्यावर सेक्टर विचारायला मी पानठेल्यापाशी थांबलो. मागून आवाज आला, “विचारू नको. सरळ घे. टाकीच्या मांगून डावीकडं.” मी वळून पाहिलं. बाई दुसरीकडे बघत होत्या. “दोनदा येऊन गेली मी,” त्या म्हणाल्या. “गेटापासून रिक्षा वळवली.”

मी गिअर टाकला आणि त्यांनी सांगितल्या वाटेनं निघालो.

पोलाद कंपनीच्या क्वार्टरांची रांग होती. एका घरापुढे पेरूचं झाड, आणि दोरीवर बारीक बारीक दुपट्यांची रांग वाळत होती. बाईंनी स्कूटर फाटकाच्या अलीकडेच थांबवायला लावली. उतरल्या नाहीत.

“तू जा,” म्हणाल्या. “पाहून ये. बाळ जागं हाये का झोपलं थे पाय, आन् मले येऊन सांग.”

हेरोद राजानं ज्ञानी लोकांना हेच सांगितलं होतं. तुम्ही जा, बाळाचा नीट शोध घ्या आणि मला येऊन सांगा. हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते गिळलं आणि मुकाट्यानं फाटक उघडून आत गेलो.

दार जावयानं उघडलं. माझ्याकडे पाहिलं. “पोलियोवाले हैं? भैया, पिछले महीने पिला दी.”

“नहीं, मैं… रायपुर से…” मला स्वतःची ओळखच सांगता येईना. तुमच्या सासूबाईंचा भाडेकरू? तुमच्या मुलाच्या पाळण्याच्या कडीला मच्छरदाणी बांधणारा? मी नुसतं फाटकाकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात आतून मुलगी आली. केस मोकळे, खांद्यावर बाळ. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. फाटकापलीकडे स्कूटरवर पांढऱ्या साडीत ताठ बसलेली आई तिला दिसली. ती पायऱ्या उतरून अनवाणीच फाटकापर्यंत गेली.

बाईंना किती दिसत होतं कोण जाणे.

“टोपडं कुठाय त्याचं?” बाई म्हणाल्या. “जानेवारीत उघड्या डोक्यानं ठेवते का लेकराले?”

“लो, शुरू हो गईं,” मुलगी म्हणाली. आवाज मात्र रडवेला झाला होता. तिनं फाटक उघडलं. “पहले उतरो तो सही.”

बाई उतरल्या. अंगणात आल्या. मुलीनं बाळाला खांद्यावरून उचललं आणि पुढे धरलं. बाईंनी दोन्ही हात पुढे केले, आणि एकदम मागे घेतले.

“थांब. रस्त्याचे हात हायेत. पानी दे आधी.”

जावई धावत बादली, तांब्या आणि साबण घेऊन आला. पेरूच्या झाडाखाली बाईंनी बांगड्या वर सारल्या आणि हात धुवायला सुरुवात केली. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगटं, पार कोपरापर्यंत. जावई पाणी ओतत होता. फेस झाला, फेस वाहून गेला. आणखी एक तांब्या झाला, आणखी एक. साबण केव्हाच निघून गेला होता, तरी बाई खाली मान घालून हात चोळतच होत्या. जावयानं घाबरून बायकोकडे पाहिलं. तिनं मानेनंच सांगितलं, ओत.

मग मला दिसलं की बाईंच्या हातावर पडणारं सगळं पाणी बादलीतलं नव्हतं. मी स्कूटरकडे गेलो आणि उगाच चाक तपासायला बसलो. मलाही रडू आवरत नव्हतं. खोली गेली म्हणून नाही. ती गेली हे मला मुलीनं फाटक उघडलं तेव्हाच कळलं होतं, आणि त्याचं मला काहीच वाटत नव्हतं, याचंच मला नवल वाटत होतं.

“आई,” मुलगी म्हणाली. “पुरे आता. घे.”

बाईंनी ओले हात पदराला पुसले नाहीत. तसेच पुढे केले आणि नातवाला घेतलं. थंडगार हात लागल्याबरोबर त्यानं भोकाड पसरलं, असं की शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई बाहेर आल्या. मुलगी त्याला परत घ्यायला पुढे झाली.

“राहू दे,” बाई म्हणाल्या. “रडू दे त्याले. साऱ्या गावाचं पहिलं रडनं मी ऐकलं. याचंच ऐकलं नव्हतं.”